दुरून दिलेली आज्ञा आणि लेसरचा झोत



कोल्हापूरच्या गुजरीत आज सोन्याची अंगठी खरेदी केली, तर तिच्या आतील बाजूस भिंगाखाली सहा अक्षरांकांची एक बारीक खूण दिसते. भारतीय मानक ब्यूरोने जुलै २०२१ पासून हॉलमार्कसोबत हा क्रमांक लागू केला. तो छिन्नीने किंवा ठशाने उमटवीत नाहीत, तो लेसर किरणाने कोरतात. शिरोली अथवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचा जाड पत्रा कागदासारखा कापला जातो, तोही लेसरनेच. गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात काचतंतूची जी केबल येऊन पोचते, तिच्यातून संदेश वाहून आणणारा प्रकाशही लेसरचाच असतो. आणि भाद्रपदात मिरजकर तिकटीपासून पापाची तिकटीपर्यंत डॉल्बीच्या भिंतींवरून जे हिरवे-निळे झोत गर्दीवर फिरताना दिसले, तेही लेसरच.

या चारही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. प्रकाशाच्या उगमावर कोणाचा हात नसतो. त्याची शक्ती किती असावी, तो केव्हा पेटावा आणि केव्हा विझावा, हे दुसऱ्या ठिकाणी बसलेला माणूस किंवा संगणक तारेवरून आज्ञा पाठवून ठरवीत असतो. कंदिलाची वात खालीवर करणाऱ्याला काच काळी पडताना डोळ्यांसमोर दिसते. दुरून आज्ञा देणाऱ्याला असे काही दिसत नाही. म्हणून त्याची आज्ञा कोणत्या भाषेत जाते, ती पोचल्याचे त्याला कसे कळते आणि ती चुकली तर तिला कोण अडवते, हे तीन प्रश्न तांत्रिक वाटले तरी केवळ तंत्रज्ञांवर सोडून देण्यासारखे नाहीत. मिरवणुकीला ना-हरकत देणाऱ्या पंचायतीचा, परवान्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा आणि प्रयोगशाळेचे कुलूप सांभाळणाऱ्या शिक्षकाचा त्यांच्याशी निकटचा संबंध आहे.

लेसर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगून पुढे जाणे योग्य होईल. उत्तेजित अणूवर योग्य रंगाचा प्रकाशकण येऊन आदळला, तर त्या अणूतून अगदी तसाच दुसरा कण बाहेर पडतो, ही कल्पना आइनस्टाईन यांनी १९१७ मध्ये मांडली. तिच्या आधारे १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण मिळविला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेसर बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाला. त्याचे जनक चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीचा आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. धातू कापण्याइतकी शक्ती सातत्याने देणारा लेसर कारखान्यात आला, तो प्रथम याच वायूच्या रूपाने. पुढे पत्रा कापण्याच्या कामी तंतू-लेसरने त्याची जागा बऱ्याच अंशी घेतली. बारामतीचा हा मुलगा आपल्या पाठ्यपुस्तकांतून अधिक ठळकपणे भेटावयास हवा होता, असे मात्र वाटल्यावाचून राहत नाही.

साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. लेसरचा झोत मात्र वीस-तीस मीटरवरही जवळजवळ एकवटलेलाच राहतो. त्याचा उपयोग आणि त्याचा धोका या दोहोंचे मूळ या एकाच गुणात आहे. शक्तीचा आकडा येथे इतका महत्त्वाचा ठरतो तो याचमुळे.

आज्ञेची भाषा

यंत्रांना दुरून आज्ञा देण्याची निरनिराळ्या कारखानदारांची भाषा एकेकाळी निरनिराळी होती. प्रयोगशाळेतील दहा उपकरणे दहा बोली बोलत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने आपली मापन-उपकरणे एकमेकांना जोडण्यासाठी एक समाईक वाहिनी तयार केली. १९७५ मध्ये ती अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारली. तारा आणि जोडण्या सारख्या झाल्या, तरी बोली निराळ्याच राहिल्या. १९८७ मध्ये काही आज्ञा सर्वांना समान करण्यात आल्या आणि १९९० मध्ये ‘एससीपीआय’ या नावाने उपकरणांची एक प्रमाण आज्ञावली प्रसिद्ध झाली. आज प्रयोगशाळेतील व दूरसंचार-चाचणीतील लेसर उगम बहुधा हीच भाषा बोलतात, मग जोडणी जुन्या वाहिनीची असो, यूएसबीची असो वा इथरनेटची.

या भाषेची रचना महसुली पत्त्यासारखी आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट क्रमांक, तशी येथे मोठ्या शाखेतून लहान शाखेत उतरत जाणारी नावे असतात आणि मध्ये अपूर्णविराम असतो. ‘सोर्स’ म्हणजे उगम, त्याखाली ‘पॉवर’ म्हणजे शक्ती, आणि शेवटी आकडा व एकक. ही झाली शक्ती ठरविण्याची आज्ञा. झोत प्रत्यक्ष सोडण्याची आज्ञा मात्र स्वतंत्र असते. ती ‘आउटपुट’ या दुसऱ्या शाखेवर असून तिच्यापुढे ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ एवढेच लिहावयाचे असते. शक्ती ठरविणे आणि झोत सोडणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात मोठा शहाणपणा आहे. कालव्याला किती पाणी सोडावयाचे, हे आधी कागदावर ठरते आणि दरवाजा नंतर उघडतो. हा क्रम उलटला, तर कालच्या हिशेबाचे पाणी आजच्या शेतात शिरते. जाणता तंत्रज्ञ म्हणूनच प्रथम झोत बंद असल्याची खात्री करतो, मग एकक ठरवितो, मग शक्तीचा आकडा देतो आणि सर्वांत शेवटी ‘ऑन’ म्हणतो.

एककाची बाब वरवर क्षुल्लक वाटते, पण घात होतो तो तेथेच. लेसरची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजतात, तशीच ती ‘डीबीएम’ या गुणोत्तरी मापातही मोजतात. या मापात शून्य म्हणजे एक मिलिवॅट, दहा म्हणजे दहा मिलिवॅट, वीस म्हणजे शंभर मिलिवॅट आणि तीस म्हणजे एक पूर्ण वॅट. दहा या आकड्यावर दोन्ही मापे योगायोगाने जुळतात. नवशिका विद्यार्थी दहा या आकड्यावर प्रयोग करून पाहतो, सर्व ठीक दिसते आणि त्याचा विश्वास बसतो. दुसऱ्या दिवशी तो वीस मिलिवॅट समजून वीस लिहितो आणि उपकरण डीबीएमच्या मापावर असल्यास त्यातून पाचपट झोत बाहेर पडतो. आकड्यापुढे एकक लिहिल्याखेरीज आज्ञा पाठवावयाची नाही, हा नियम त्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला घालून दिला पाहिजे.

प्रश्नचिन्हाचे महत्त्व

या आज्ञावलीतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती म्हणाल, तर ती प्रश्नचिन्ह होय. कोणत्याही आज्ञेपुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह लावले, की ती आज्ञा न राहता पृच्छा होते. ‘शक्ती दहा कर’ याऐवजी ‘शक्ती किती आहे?’ असा अर्थ होतो आणि उपकरण उत्तर पाठविते. तू कोण, असे विचारले की ते कारखानदाराचे नाव, नमुना व अनुक्रमांक सांगते. काम पुरे झाले का, असेही विचारता येते. चुका झाल्या असल्यास त्या एका यादीत क्रमाने साठत जातात आणि विचारल्यावर एकेक करून बाहेर येतात. उगमाच्या आवाक्याबाहेरचा आकडा दिला, तर आकडा मर्यादेबाहेर असल्याची नोंद उणे दोनशे बावीस या क्रमांकाने मिळते. चूक नसेल, तर शून्य हे उत्तर येते.

तरीही येथे एक मेख आहे. ‘शक्ती किती?’ या प्रश्नाला पुष्कळदा मिळणारे उत्तर हे ठरविलेल्या शक्तीचे असते, बाहेर पडणाऱ्या शक्तीचे नव्हे. सातबाऱ्यावर उसाची नोंद आहे म्हणून शिवारात ऊस उभाच असेल, असे कोणताही अनुभवी महसूल कर्मचारी मानणार नाही. त्यासाठी बांधावर जाऊन पीकपाहणी करावी लागते. लेसरची पीकपाहणी म्हणजे झोताच्या वाटेवर किंवा उगमाच्या आत बसविलेला स्वतंत्र प्रकाशमापक. ठरविलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांत तफावत आढळली, तर जोडणी ढिली आहे, काच मळली आहे, एकक चुकले आहे किंवा उगम थकला आहे, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

शिरोलीच्या कारखान्यात

कोल्हापूरला यंत्राची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उद्योगाला दिलेले उत्तेजन, शिवाजी उद्यमनगरातील तेल इंजिनांची परंपरा आणि ओतकामाच्या भट्ट्या यांतून येथील कारागिराचा हात तयार झाला. त्याच वातावरणात वाढलेला तरुण आज संगणकनियंत्रित लेसर कटिंग यंत्रावर उभा असतो.

या यंत्रातील उगमाची शक्ती मिलिवॅटमध्ये नव्हे, तर हजारो वॅटमध्ये असते आणि कापता कापता ती सतत बदलत राहते. पत्र्याला प्रथम भोक पाडताना एक शक्ती, सरळ रेषेत वेगाने जाताना दुसरी. कोपरा आला की यंत्राचे डोके वेग कमी करते. त्या वेळी शक्ती तशीच ठेवली, तर कोपरा जळून वितळतो. म्हणून वेगाच्या प्रमाणात शक्तीही खाली आणावी लागते. इतक्या झटपट बदलासाठी मजकुराच्या आज्ञा पुऱ्या पडत नाहीत. तेथे शून्य ते दहा व्होल्टच्या विद्युतदाबाने शक्तीचे प्रमाण कळवितात, अथवा झोत क्षणाक्षणाला चालू-बंद करून त्याची सरासरी राखतात. उगमाची ओळख, त्याचे तापमान आणि त्याच्या चुका विचारण्यासाठी मात्र आज्ञांची वाहिनी वेगळी ठेवलेली असते.

या यंत्रातील किरण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. न दिसणारा म्हणून तो निरुपद्रवी, अशी समजूत करून घेणे अत्यंत घातक आहे. दिसणाऱ्या तीव्र प्रकाशापुढे पापणी आपोआप मिटते. न दिसणाऱ्यापुढे ती मिटत नाही आणि किरण नेत्रभिंगातून थेट दृष्टिपटलावर एकवटतो. म्हणूनच चांगली यंत्रे बंद कक्षात असतात, त्यांच्या खिडकीला विशिष्ट काच असते आणि दार उघडताच झोत तुटतो. अलीकडे हातात धरून चालविण्याची लेसर वेल्डिंग यंत्रे लहान कारखान्यांत शिरली आहेत. त्यांना बंद कक्ष नसतो. टोक धातूला टेकल्याशिवाय झोत सुटू नये, अशी विद्युत-योजना त्यांत असते. काम भराभर व्हावे म्हणून ही योजना तारेच्या तुकड्याने चुकविण्याचा मोह होऊ शकतो. कारखाना-निरीक्षकाने यंत्राच्या किमतीची चौकशी एकवेळ नाही केली तरी चालेल, तो तारेचा तुकडा मात्र अवश्य शोधावा.

मिरवणुकीतील झोत

आता महाद्वार रोडकडे वळू. मिरवणुकीतील लेसर-दिव्यांना ज्या भाषेत आज्ञा जातात ती एससीपीआय नव्हे. ती ‘डीएमएक्स ५१२’ या नावाने ओळखली जाते. रंगमंचावरील दिवे मंद-प्रखर करण्यासाठी अमेरिकेतील नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने ती १९८६ मध्ये सिद्ध केली. एका तारेवरून ५१२ खणांचे आकडे ओळीने पाठविले जातात. प्रत्येक खणातील आकडा शून्य ते २५५ यांमधील असतो. एका खणाचा अर्थ रंग, दुसऱ्याचा दिशा, तिसऱ्याचा प्रखरता. नियंत्रकाच्या फळीवरची दांडी वर सरकविली की तो आकडा वाढतो.

नाटकातील दिव्यासाठी ही भाषा सोपी आणि उत्तम आहे. परंतु तिच्यात प्रश्नचिन्ह नाही. मूळ रचनेत संदेश एकाच दिशेने जातो. दिवा ‘पोचले’ असे म्हणत नाही आणि ‘हा आकडा मला झेपणार नाही’ असेही म्हणत नाही. वाटेत एखादा आकडा बिघडला, तर तो बिघडल्याचे ओळखण्याची सोयही तिच्यात नाही. याच कारणास्तव शोभेची दारू उडविणे किंवा माणसांच्या डोक्यावरील जड सांगाडे हलविणे यांसारख्या जोखमीच्या कामांसाठी ती वापरावयाची नाही, असा दंडक आहे. संदेश मध्येच तुटला तर दिव्याने विझावे की शेवटचा आकडा धरून तसेच पेटत राहावे, हे त्या त्या दिव्याच्या बनावटीवर अवलंबून राहते. रंगीत बल्बच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. लेसरच्या बाबतीत मात्र पुष्कळच बिघडते.

किती बिघडते, ते साध्या गणिताने पाहता येईल आणि शिक्षकांनी ते नववी-दहावीच्या वर्गात अवश्य करून घ्यावे. पाच वॅटचा एक लेसर-दिवा घेऊ. वीस मीटर अंतरावर त्याच्या झोताची जाडी सुमारे अडीच सेंटिमीटर होते असे धरले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक वॅट. पापणी मिटण्यास लागणाऱ्या पाव सेकंदासाठी डोळ्याला सोसणारी मर्यादा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच मिलिवॅट मानलेली आहे. स्थिर झोत या मर्यादेच्या चारशे पट भरतो. कोणी म्हणेल, दांडी खाली ओढून शक्ती कमी करावी. प्रखरतेचा खण सरळ प्रमाणात चालतो असे समजले, तर शून्यावरून एकच पायरी वर चढविताच पाच वॅटचा दोनशे पंचावन्नावा हिस्सा, म्हणजे वीस मिलिवॅट बाहेर पडतात. तेही त्या क्षेत्रफळावर चौरस सेंटिमीटरला चार मिलिवॅट होतात. सर्वांत खालची पायरीसुद्धा मर्यादेच्या वर! असा झोत सरळ डोळ्यांवर टाकावयाचा असेल, तर त्या दांडीवर सुरक्षित अशी जागा शून्याखेरीज दुसरी नाही.

फिरता झोत एका डोळ्यावर क्षणाचाही अंश थांबतो, हे खरे. परंतु तो आरशांच्या हालचालीने फिरतो. आरसा अडकला, वीज क्षणभर गेली किंवा चुकीचा आकडा आला, की तोच झोत एका जागी खिळतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जनित्राच्या धक्क्यांत रात्रभर हादरत असलेल्या यंत्राकडून आरसे कधी अडकणार नाहीत, ही अपेक्षा करणे धाडसाचे आहे. शिवाय अंधारात बाहुली विस्फारलेली असते आणि डोळ्यातील भिंग येणारा प्रकाश दृष्टिपटलावर सुमारे लाखपटीने एकवटते. दृष्टिपटलाला वेदना नाही. म्हणून भाजल्याचे त्या क्षणी कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी वाचताना ओळीच्या मध्यभागी काळा ठिपका दिसतो.

२०२३च्या आणि पाठोपाठ २०२४च्या गणेशोत्सवात कोल्हापूरसह राज्यातील काही शहरांतून मिरवणुकीतील लेसरने डोळ्यांना इजा झाल्याची वृत्ते आली. नेत्रतज्ज्ञांनी जाहीर इशारे दिले आणि २०२४ साली कोल्हापूर व पुणे येथे अशा झोतांना मनाई करणारे आदेश निघाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील आदेशाचे आयुष्य सामान्यतः दोन महिन्यांचे असते, ही गोष्ट पंचायतींनी ध्यानात ठेवावी. गतवर्षीची मनाई यंदा आपोआप लागू होत नाही आणि मिरवणूक तर केवळ गणपतीची नसते. गावची यात्रा, लग्नाची वरात, निवडणुकीचा विजय या सर्वांत तोच दिवा तीच ट्रॉली घेऊन येतो. उजळाईवाडीच्या विमानतळाभोवतालच्या गावांना तर आणखी एक काळजी आहे. आकाशात सोडलेला झोत उतरणाऱ्या विमानाच्या चालकाचे डोळे दिपवू शकतो.

जो आज्ञेची वाट पाहत नाही

येथवर आज्ञा देणाऱ्याचा विचार झाला. परंतु खरी सुरक्षितता अशा योजनेत असते जिला आज्ञेची गरजच नसते. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्यास परदेशी उदाहरणाची आवश्यकता नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर बरगे घालण्यासाठी व काढण्यासाठी माणसे जावी लागतात. निरोप वेळेवर पोचला नाही, तर बरगे तसेच राहतात आणि पाणी फुगते. राधानगरीच्या धरणाला मात्र सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचले, की ते स्वतःच्या रचनेनेच उघडतात. मध्यरात्री कोणी दूरध्वनी उचलला नाही, म्हणून ते थांबत नाहीत.

लेसरच्या बाबतीत हेच काम ‘इंटरलॉक’ करते. उच्च शक्तीच्या लेसरला किल्लीचे कुलूप, झोत चालू असल्याची खूण दाखविणारा दिवा आणि दुरून झोत तोडता येईल अशी स्वतंत्र जोडणी असलीच पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ही जोडणी आज्ञांच्या तारेपासून अलग असते. तिचे टोक दाराला, पायाखालच्या चटईला किंवा लाल बटणाला जोडतात. मंडल तुटले की संगणक काय म्हणतो आहे याची वाट न पाहता झोत विझतो. याशिवाय चांगल्या नियंत्रणात आणखी एक सोय असते. नियंत्रकाकडून ठरावीक काळात ‘मी जागा आहे’ असा संदेश आला नाही, तर उगम आपण होऊन बंद होतो. रात्रीच्या गस्तवाल्याने दर तासाला टोला द्यावा आणि टोला चुकला की गावाने जागे व्हावे, अशीच ही रीत आहे.

म्हणून कार्यक्रमाच्या परवानगीचा अर्ज समोर येईल तेव्हा ‘लेसर आहे किंवा नाही’ एवढ्याच रकान्यावर न थांबता काही गोष्टी विचाराव्यात. दिव्यावरील पट्टीवर कोणता वर्ग छापला आहे? वर्ग दोनच्या दृश्य किरणाची शक्ती एक मिलिवॅटपर्यंत असते. वर्ग चारची सुरुवात अर्ध्या वॅटपासून होते आणि मिरवणुकीतील मोठे दिवे याच वर्गात मोडतात. पट्टीच नसेल, तर तो दिवा वर्ग चारचा समजावा. किल्ली कोणाच्या हाती राहणार? लाल बटण कोठे असणार आणि त्याशेजारी रात्रभर कोण उभा राहणार? झोताची सर्वांत खालची पातळी माणसांच्या डोक्याच्या किती वर असणार? उत्तर ‘ऑपरेटर बघून घेईल’ असे आले, तर परवानगी नाकारण्यास तेवढे कारण पुरेसे मानावे. तालीम मंडळांचे कार्यकर्ते बहुधा समजूतदार असतात. त्यांच्यापुढे हेच प्रश्न सण येण्यापूर्वी महिनाभर ठेवले, तर वाद टळतो. दिवे भाड्याने ठरल्यानंतर ठेवले, तर मात्र पैशाचा प्रश्न उभा राहतो.

ग्रामपंचायतीच्या काचतंतूविषयी थोडे सांगावयास हवे. ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली आणि ती पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या तंतूतील लेसर काही मिलिवॅटचा असतो. १३१० नॅनोमीटरच्या किरणाची शक्ती दर किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबलने घटते. वीस किलोमीटरनंतर मूळ प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, त्यातून जोडांवरील व वाटण्यांमधील घट आणखी वजा होते. मुख्य केंद्रातील यंत्र गावातील पेटीला तिची स्थिती विचारते आणि तिला गप्प राहण्याची आज्ञाही देऊ शकते, कारण एका पेटीने अवेळी झोत सोडला तर त्याच तंतूवरील सर्व गावांचे संदेश बिघडतात. ही भाषा प्रश्नोत्तरांची आहे, म्हणूनच बिघाड कोठे झाला हे केंद्रात बसून कळते. तुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा घालून ‘उजेड येतो का’ हे मात्र कोणीही पाहू नये. तो उजेड दिसणारच नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना निकडीची आहे. जत्रेत मिळणाऱ्या हिरव्या लेसर-काड्यांवर छापलेला आकडा विश्वसनीय नसतो. प्रयोगासाठी एक मिलिवॅटच्या आतील, वर्ग दोनचा म्हणून खात्रीचा उगम घ्यावा, तो कुलुपात ठेवावा आणि मुलांच्या हाती देताना झोत बाकाच्या उंचीला, म्हणजे बसलेल्या मुलाच्या डोळ्यांखाली राहील अशी मांडणी करावी.

आणि तरीही कोणाच्या डोळ्यांवर झोत पडलाच, तर डोळा चोळू नये, घरगुती औषध घालू नये आणि ‘सकाळी बघू’ म्हणून थांबू नये. दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून चौकटीच्या वहीच्या कागदाकडे पाहावे. रेषा वाकड्या दिसल्या, मध्येच तुटल्या किंवा त्यांवर डाग दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात नेत्रविभाग आहे. तेथे सांगताना दिव्याचा रंग, अंतर, वेळ आणि शक्य झाल्यास दिव्यावरील पट्टीचे छायाचित्र सोबत न्यावे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी रक्तस्राव झाला आहे की नाही, हे तपासणीतच कळते. तपासणीचा कागद जपून ठेवावा, कारण पोलीस ठाण्यातील तक्रारीला तोच आधार होतो.